चिंगी, मण्यांची वेल आणि उन्मेषचं फ्रेंच

सलोनी बहिणीकडे टोरांटोला निघाली, तेव्हा नवऱ्याने, उन्मेषने, तिला ठणकावून सांगितलं, की विमानांची इंजिनं सांभाळणाऱ्या माणसाला एक कुंडी जड नाही. कुंडीत मटारदाण्यांएवढ्या हिरव्या मण्यांच्या माळा लोंबणारी वेल होती. ती मांजरांना विषारी, म्हणून सलोनीने छताला टांगलेली. पाणी कमी घाल आणि चिंगी मांजरीला लांब ठेव, एवढंच तिचं सांगणं होतं.

दुसऱ्याच दिवशी वेल उन्मेषला मलूल वाटली. मॉन्ट्रियलच्या हिवाळ्यात ऊन निघालंय तर खाऊ दे बिचारीला, म्हणून त्याने कुंडी खिडकीत ठेवली आणि तो कॉफी करायला गेला. परत येतो तो कुंडी आडवी, माळांच्या चिंध्या, आणि चिंगीच्या मिशीवर माती!

सापडेल त्या विषबाधेच्या हेल्पलाइनला उन्मेषने फोन लावला. पलीकडून बाई फ्रेंचमध्ये बोलल्या. हाही क्लास केलेला गडी, फ्रेंचमध्येच सुटला. पण पहिल्याच धड्यातला 'मांजर' हा शब्द ऐनवेळी आठवेना. तेव्हा त्याने 'मा पेतीत', म्हणजे 'माझी छोटी', यावर भागवलं. छोटीने विषारी झाड खाल्लंय.

बाईंनी वय विचारलं. तीन वर्षं. ती आहे कुठे? फ्रिजवर.

बाईंनी घाईने पुढचं विचारलं, "काही बोलतेय का?"

"माझ्याशी ती कधीच बोलत नाही."

"तिची आई घरी आहे?"

"आई तिला पार्किंगमध्ये सोडून पळाली. म्हणून तर आम्ही उचलून आणली."

दहा मिनिटांत दारात ॲम्ब्युलन्स आणि मागोमाग पोलीस. शेजारच्या आजीबाईंनी तेवढ्यात सलोनीला कळवलं, की तुझ्या नवऱ्याला न्यायला आलेत. सलोनीचे फोनवर फोन येत राहिले आणि उन्मेष दोन्ही हात वर करून फ्रिजकडे मानेने खुणावत राहिला.

ॲम्ब्युलन्सवाल्याने फ्रिजवर पाहिलं. चिंगीने जांभई दिली. पोलिसाने सोफ्याखाली वाकून पाहिलं, तर तिथे सगळे मणी अख्खेच्या अख्खे गोळा झालेले. पोरीने खाल्लं काहीच नव्हतं, नुसत्या गोट्या खेळली होती. तरी एकदा डॉक्टरांना दाखवा, असं सांगून मंडळी निघाली.

उन्मेषने अदबीने, अगदी व्याकरणशुद्ध फ्रेंचमध्ये त्यांची क्षमा मागितली.

पोलीस दारात थांबला. फ्रेंचचा आग्रह धरणाऱ्या या शहरात पोलीस सहसा जे म्हणत नाहीत, ते तो हळूच म्हणाला, "सर, प्लीज. इंग्लिश इज फाइन."