नाळेवरचं डाळिंब

"झाड एक दिस तहानलेलं राहिलं तं चालते, कौशल्ये. पोरगं नाई चालत," सासूबाई मनकर्णाबाईंनी बजावलं होतं. कौशल्येने ते कानाआड केलं. सासूबाईंचं काय, त्यांनी नुसती पोरं वाढवली होती. डाळिंब एकही नाही.

पाण्यावाचून झाड जगत नाही, हे सर्वमान्य सत्य आहे. वऱ्हाडात मात्र हे खातं पिढ्यान् पिढ्या आभाळाकडे होतं. काळ्या मातीत पऱ्हाटी, म्हणजे कापूस, पेरावी आणि वर पाहावं, एवढंच शास्त्र. पुढे अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस अडला, इकडे कापसाला सोन्याचा भाव आला, आणि पैसा आला म्हणजे बाग हवीच. कौशल्येचा नवरा चंद्रभान अकोल्याहून पितळी झारी घेऊन आला. बागेत झाड एकच: बाळाची नाळ पुरली तिथे लावलेलं डाळिंब. डाळिंब टवटवीत तर बाळ टवटवीत, अशी घराची ठाम समजूत.

साहजिकच कौशल्या बाळाची तब्येत डाळिंबावर तपासू लागली. (बाळ सारखं हलतं, झाड निदान एका जागी उभं राहतं.)

पाणी देण्याची रीत ठरली ती अशी. पान ताठ असेल तर ते तसंच राहावं म्हणून पाणी. मलूल असेल तर मलूल आहे म्हणून पाणी. सकाळी ती घाली, दुपारी गुपचूप चंद्रभान, सांजेला दीर नत्थुजी, 'वहिनी विसरल्या असतीन' म्हणून. (वहिनी विसरत नसत, त्या पुन्हा घालत.) भर वैशाखात, गावभर धूळ उडत असताना, डाळिंबाखाली चिखल झाला.

एका दुपारी पान पिवळं पडलं. सगळं घर अंगणात जमलं.

"नजर लागली," नत्थुजी म्हणाला.

"नजर कायची? तहानलं हाय. आना पानी!" चंद्रभान ओरडला.

"काहून पिवळं पडून राहिलं वो माय! माह्या बाळाले काई होईन तं?" म्हणत कौशल्येने घागरच रिकामी केली.

आत बाळ रडत होतं. रडता रडता त्याचा गळा बसला, घर शांत झालं, आणि कौशल्येला हायसं वाटलं. पाणी लागू पडलं होतं.

तेवढ्यात मनकर्णाबाई बाळाला घेऊन बाहेर आल्या. त्याचे ओठ सुकले होते.

"झाड पिऊन पिऊन सडलं, अन् हे घशाले कोरड पडून निपचित. घे पदराखाली!"

कौशल्या तिथेच चिखलात बसली, बाळाला घेतलं. ते अधाशासारखं पिऊ लागलं. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. मग हळूच मान वळवून तिने पाहिलं: पान हिरवं झालं का?

हसलात? हसा. पण इतक्या निवांतपणे वाचता आहात, म्हणजे तुमच्याही घरात आत्ता शांतता असणार. जरा उठा. आत जे कोणी निजलं आहे, ते निजलंच आहे ना, बघून या.