तीनशे बावन्नची पाटी

भरपाईच्या खिडकीमागचे साहेब, तुम्ही पेंटरकाकांना खोटारडं ठरवलंत. कारखाना जाऊन तिथे गोदाम आलं, तुम्हीही पेन्शनीत निघालात, तरी हे तुमच्या तोंडावर सांगायलाच हवं.

तो कारखाना टेबलफॅनचा. दिवसभर पंखे बनवणारी दोनशे माणसं घरी पुठ्ठ्याने वारा घ्यायची. फाटकाशी फळा होता, 'अपघाताविना दिवस'. खाली तीन खिळे आणि त्यांवर पत्र्याचे आकडे. रोज सकाळी भोंग्याआधी पेंटरकाका स्टुलावर चढून आकडा बदलत. आकडे त्यांच्याच हातचे. आठाला कंबर अशी देत की कामावर येणाऱ्या बाया क्षणभर थांबून बघत. ओल्या रंगाचा तो वास अजून आठवतो.

कंपनीने कबूल केलं होतं, तीनशे पासष्ट दिवस भरले की प्रत्येकाला एक पंखा. तेव्हापासून काकांची मान ताठ. "आकडा माझ्या हातात आहे," ते चहाच्या सुट्टीत बजावत. "कुणी बोट कापून घेतलंत, तर गाठ माझ्याशी."

तीनशे बावन्नमधला दोन अडकवताना स्टुलाचा पाय मोडला आणि काका उजव्या हातावर आपटले. मनगट फुटबॉलच्या ब्लॅडरसारखं फुगलं. दोन मात्र त्यांनी डाव्या हाताने अडकवलाच. 'अपघाताविना' लिहिलेल्या फळ्याखाली अपघात होणारा हा जगातला पहिलाच माणूस असावा.

फोरमनने विचारलं तेव्हा काका म्हणाले, घरी बाथरूममध्ये घसरलो. डॉक्टरलाही तेच सांगितलं. त्यानेही इमानदारीत तेच लिहिलं.

रविवारी सकाळी रंगखात्याची सोळा माणसं वाळू, सिमेंट आणि छिन्न्या घेऊन काकांच्या दारात उभी. पुन्हा पडू नये म्हणून त्यांनी बाथरूमची फरशी ठोकून खरखरीत केली. फोरमनने स्वतः धरायला दांडी बसवली. शेजारीण डोकावून विचारून गेली, एवढं शेवाळं होतं का हो? काकू सगळ्यांना चहा देत होत्या, पण कप टेबलावर आपटत होत्या.

माणसं गेल्यावर काकूंनी दार लावलं. "वीस वर्षं ती फरशी मी घासतेय. कुठे पडलात ते खरं सांगा."

काकांनी सांगितलं.

"मग उद्याच अर्ज द्या."

"पंखे मिळू देत गं. दोनशे घरांचा वारा माझ्या एका मनगटापायी घालवू?"

तीनशे पासष्ट भरले, पण पंखे वाटायला मोठ्या साहेबांना सवड होईना. आधी दौरा, मग सर्दी, मग सर्दी घेऊन दौरा. काका पडले त्याच्या चौतिसाव्या दिवशी एकदाचं भाषण झालं. वर्षात अपघात झाला नाही, अशा कागदावर सही करून ज्याने त्याने पंखा उचलला. काकांनी सही डाव्या हाताने केली.

दुसऱ्या दिवशी ते तुमच्या खिडकीशी आले. तुम्ही म्हणालात, तीस दिवसांत कळवायचं असतं. डॉक्टरचा कागद बाथरूम म्हणतो, सही तुमचीच, फळ्यावरचा आकडाही तुमचाच. साक्षीदार आहेत का? काकांनी हौसेने सोळा नावं दिली. सोळाही जण आले आणि बाथरूम आपण स्वतः दुरुस्त केल्याचं छातीठोकपणे सांगून गेले.

मनगट वाकडंच जुळलं. आठाची कंबर पुन्हा काही साधली नाही.

तो पंखा अजून चालतो. भोंगा नसला तरी काका त्याच वेळेला उठतात, पंख्यासमोर बसतात आणि विचारतात, "काय रे, अर्जाचं काही?" पंखा सावकाश डावीकडून उजवीकडे मान हलवतो. तुमच्यासारखीच.

काकांची चूक कबूल. पडले त्याच सकाळी सांगायचं होतं, दहा मिनिटांचं काम होतं. काकू हे अजून रोज ऐकवतात. पण साहेब, दोनशे पंख्यांचं आमिष लावून त्यांचं तोंड कुणी शिवलं? अर्ज फेटाळल्यावर काकांनी पत्र्याच्या पाटीवर डाव्या हाताने एक शून्य रंगवलं. वेडंवाकडं, बटाट्यासारखं. त्या तीनशे बावन्नच्या जागी खरं तेच हवं होतं. ती पाटी माळ्यावर आहे, आणि फळा तर तुम्ही भंगारात घातलात.

आता सांगा, ती कुठे टांगायची?