शिडी चढणारा मासा

सुतार सकाळपासून सासऱ्यांच्या भातखाचराच्या बांधावर उकिडवा बसून शिडीकडे पाहत होता आणि शिडीवरून पाण्याशिवाय काहीही जात-येत नव्हतं.

शिडी त्यानेच केलेली. खाचर वर, पाण्याचा चर खाली आणि मधल्या उतारावर आडव्या फळ्या ठोकलेली लाकडी पन्हळ. खाचरातलं जादा पाणी तिच्यातून उतरायचं आणि चरातले मासे उलटे चढून अंडी घालायला वर यायचे, असा पाटबंधारे खात्याच्या मॅडमचा बेत होता. "मासे चढले तर सगळ्या चरांवर तुमच्याच शिड्या," असं त्या म्हणाल्या होत्या. आज दुपारी त्या बघायला येणार होत्या.

सासऱ्यांनी शेत दिलं होतं, पण तंबी देऊन. "जावईबापू, माझं एक जरी रोप गेलं तर शिडी चुलीत!" शिडीमागून चुलीत कोण जाणार, हे विचारायची सुताराची छाती झाली नाही. त्या माणसापुढे लग्नाच्या दिवसापासून त्याची दातखीळ बसायची.

शेवटी घाबरलेला माणूस जे करतो तेच त्याने केलं. बाजार गाठला, मासेवालीकडून बादलीभर जिवंत मासे घेतले आणि इकडेतिकडे बघून खाचरात सोडून दिले. मासे ऐटीत रोपांमध्ये शिरले तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. मग तो मासेवालीची बादली परत द्यायला गेला.

"एवढ्यात शिजवले पण?" तिने विचारलं.

"छे हो, भाताच्या शेतात सोडले."

मासेवालीने सुरी खाली ठेवली. "अहो दादा, गवत्या मासा तो! गवतावर जगतो. कोवळी रोपं म्हणजे त्याला मेजवानीच की!"

सुताराला लाकूड कळत होतं. मासा ताटात आल्यावरच कळायचा. तो धावत सुटला. बांधाजवळच्या रोपांचे शेंडे गायब झाले होते. त्याने तशीच खाचरात उडी घेतली. मासा धरायला जावं तर मासा सटकायचा आणि याच्या पायाखाली आणखी चार रोपं आडवी व्हायची. थोड्याच वेळात माशांनी खाल्लं त्याहून जास्त त्याने तुडवलं आणि शेवटी पाय घसरून तो चिखलात बसला.

"जावईबापू!"

बांधावर सासरे उभे होते, हात पाठीमागे. त्या हातात कोयता असणार, याबद्दल सुताराला शंका नव्हती.

"आत काय करताय?"

"पाणी... पाणी किती आहे ते बघतोय."

"बसून?"

एवढ्यात गमबूट घातलेल्या मॅडम आल्या आणि खाचरात वाकल्या. "अरे वा, बारके मासे चढलेत की! आणि हा... गवत्या? एवढा दांडगा मासा या पन्हळीत मावेल तरी का? खरं सांगा, कोणी सोडले?"

"मी," सुतार रडवेल्या आवाजात म्हणाला.

"मी," सासरेही त्याच क्षणी म्हणाले आणि त्यांच्या पाठीमागून कोयत्याऐवजी एक थेंबथेंब गळणारी बादली पुढे आली.

"मामा, तुम्ही?"

"दांडगे माझे नाहीत. बारके मी काल संध्याकाळपासून चरातून उचलून टाकतोय. मग काय करू? तुमची शिडी फसली तर माझ्याशी जन्मात बोलणार नाही म्हणून तुमच्या बायकोने दम दिलाय. तुम्हाला तर ती माहीतच आहे."

सुताराला ती माहीत होती.

"उचला ती शिडी," म्हणून मॅडम तरातरा निघाल्या.

सुताराच्या धुमाकुळाने बांधाची कड ढासळली होती आणि गढूळ पाणी पन्हळीतून जोरात वाहत होतं. त्या लोंढ्यात खालच्या फळीवर काहीतरी चमकलं. बोटाएवढा मासा उडी मारून वरच्या फळीवर आला, मग त्याच्या वरच्या, आणि सुळकन खाचरात गेला.

"मॅडम, चढला! आईशप्पथ चढला!"

"पुरे झालं," मॅडम मागे न बघता म्हणाल्या.

"मामा, तुम्ही तरी सांगा ना!"

सासऱ्यांनी तोंड उघडलं, हातातल्या बादलीकडे पाहिलं आणि मिटलं.

मॅडम दिसेनाशा झाल्या. सुतार चिखलातून उठून भीतभीत म्हणाला, "मग ही आता चुलीत?"

"चुलीत घालू हो. पण घरी तिला सांगणार कोण?"

दोघेही बांधावर टेकले. आता मासे एकामागून एक चढत होते. ऊन कलायला लागलं, तरी घरी जायला आधी कोणीच उठेना.