जोर कुठल्या अक्षरावर?

सोनवणे नाना रिक्षात बसतानाही हेल्मेट घालतात. पंचवटीत भाजी घेतानासुद्धा ते डोक्यावरून उतरत नाही. लिफ्टला, गॅसला, दारावरच्या बेलला, सगळ्यालाच ते घाबरतात. इंदिरानगरात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटेच असतात. मुलगी मनीषा स्पेनला शिकायला गेली आणि नानांनी मोबाइलवर स्पॅनिश शिकायला घेतली. तेव्हापासून त्यांच्या भीतीत क्रियापदांची भर पडली.

गॅलरीत बसून, मांडीवर थाप मारत ते शब्द फोडायचे.

"आ-ब्लो. दोन तुकडे. पहिल्यावर जोर दिला तर 'मी बोलतो'. दुसऱ्यावर दिला तर 'तो बोलला'. बघा भाऊ, एवढ्याशा जोराने माणूसही गेला आणि काळही गेला! केवढी जोखीम!"

"मग शिकता कशाला?"

"सावध असलेलं बरं."

गेल्या रविवारी दुपारी ते माझ्या दारात उभे. हातात मोबाइल. मनीषाच्या घरमालकिणीला ते मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये लिहून मुलीची चौकशी करत. मनीषाला याचा पत्ताच नव्हता. त्या दिवशी मालकिणीने आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता.

"यात 'योरो' आहे. रडण्याचं क्रियापद. जोर पहिल्यावर असेल तर मालकीण म्हणतेय, मी रडते. शेवटी असेल तर..." त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "छाती एवढी धडधडतेय, मला ऐकूच येत नाही. तुम्ही ऐका."

मी दोनदा ऐकलं. "शेवटी आहे, नाना."

"म्हणजे मनीषा रडली." नाना मटकन खुर्चीत बसले. बाकीचं त्यांनीच फोडलं. "सुस-पेन-द्यो. नापास झाली. नो को-म्यो. जेवली नाही."

"तिलाच विचारा की."

"ती 'मजेत' म्हणेल. बाबा घाबरतात ना! तिच्या आईच्या आजारपणातही सगळे मला 'ठीक आहे' म्हणत राहिले. खरं कळलं ते शेवटच्या दिवशी. म्हणून ही भाषा, भाऊ. कुणीतरी मला खरं सांगावं."

त्यांनी मनीषाला फोन लावला.

"मी मजेत, बाबा!"

नानांनी डोळे मिटले. "मने, पेपर गेला ना? मला माहितेय. मी घाबरलोय, पण ऐकतो. तू सांग."

पलीकडून हुंदका आला. नाना खुर्चीचा हात घट्ट धरून नुसतं "हं... हं..." करत राहिले.

मी आत जाऊन चहा टाकला. तो गार झाला, तरी मनीषा बोलतच होती.