लाल आहे, रद्द नाही

नाना गोठणकरांनी तुम्हाला मिसळ खायला बोलावलं तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. टेबलावर मिसळ एकच येते आणि ती तुम्हाला खायची असते. नाना समोर बसून तुमच्या तोंडाकडे बघत राहतात.

नुसतं बघतात असंही नाही. पहिला घास आत गेला न गेला तोच उलटतपासणी सुरू होते. "हं, सांग. आधी काय लागलं?" तुम्ही भाबडेपणाने म्हणता, "मस्त आहे, नाना." झालं, संपलात तुम्ही. "मस्त हे काय चवीचं नाव आहे? तिखट कुठे लागतं, जिभेला की घशाला? लगेच लागतं की मागाहून येतं? शेव मऊ पडली का? अरे, घाई नको. पाव नंतर. आधी नुसता रस्सा घे." शेजारच्या टेबलावरची माणसं चमचा हातात धरून बघत बसतात. त्यांना वाटतं, नाना अन्नभेसळ खात्यातले अधिकारी आहेत आणि मी त्यांना सापडलेला साक्षीदार.

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत बहुतेक प्रत्येकाचा एखादा रविवार असा गेलेला आहे. आमचे सेक्रेटरी तर रविवारी सकाळी जिन्यात नानांच्या चपला वाजल्या की दार लावून टीव्हीचा आवाज बंद करतात. मी नानांच्या समोरच्याच दारात राहतो, त्यामुळे मला सुटका नाही. आणि खरं सांगायचं तर फुकटची मिसळ मला सुटतही नाही.

हे सगळं सुरू झालं करोनात. नानांच्या बायकोला, म्हणजे आमच्या शैलाकाकूंना, ताप आला. ताप आठवडाभरात गेला, पण जाताना वास आणि चव दोन्ही बरोबर घेऊन गेला. इतरांचं हळूहळू परत आलं, काकूंचं काही आलं नाही. डॉक्टर म्हणाले, "येईल. कधी, ते मात्र सांगता येत नाही." नाना तसेच उठून कोपऱ्यावरच्या मारुतीकडे गेले आणि नवस बोलून आले, की हिच्या जिभेला चव येईपर्यंत मी मिसळीला शिवणार नाही. ज्या माणसाने स्वतःच्या लग्नाच्या दिवशी सकाळी गुपचूप जाऊन मिसळ हाणली होती, त्याने हे बोलावं म्हणजे काय ते समजून घ्या. त्याला आता वर्षं झाली. मारुतीकडून काही निरोप नाही.

कुणी यावर हळहळायला गेलं, की नाना त्यांचं ठरलेलं वाक्य टाकतात. "लाल आहे. रद्द नाही."

नानांची सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात, कल्याण यार्डात गेली. त्यामुळे जगातल्या सगळ्या प्रश्नांना त्यांच्याकडे तीनच रंग आहेत. "सिग्नल लाल दिसला म्हणून ड्रायव्हर गाडीतून उतरून घरी जातो का? नाही ना? थांबतो. लाल म्हणजे थांब. गाडी रद्द झाली असं कोणी सांगितलंय?" सोसायटीच्या मीटिंगमध्ये पुनर्विकासावरून हमरीतुमरी सुरू झाली की मागच्या खुर्चीवरून आवाज येतो, "लाल आहे, रद्द नाही." लिफ्ट बंद पडली, लाल आहे. सेक्रेटरींच्या मुलाचं लग्न जमत नव्हतं, तेव्हाही नाना त्याला जिन्यात गाठून हेच म्हणाले. तो बिचारा त्यानंतर जिना सोडून बंद लिफ्टसमोरच उभा राहायचा.

मारुतीकडे नाना रोज जातात, पण मागत काही नाहीत. आजूबाजूची मंडळी डोळे मिटून पुटपुटत असतात, कोणाचा व्हिसा, कोणाची बारावी. नाना नमस्कार करतात, "आलोय रे" म्हणतात आणि निघतात. मी एकदा म्हटलं, "नाना, आठवण तरी करून द्या त्याला."

"एकदा सांगितलंय. सिग्नलच्या केबिनला सारखे फोन केले की आतला माणूस वैतागतो. त्याला दिसतंय सगळं, समोर पॅनेल आहे त्याच्या. आपण आपल्या जागेवर आहोत एवढं त्याला कळलं, बास."

काकूंना हे तत्त्वज्ञान मुळीच मान्य नाही. "तुमचा मारुती संपावर गेलेला आहे," त्या म्हणतात. काकू मूळच्या राजापूरकडच्या, हाताला अशी चव की त्यांची फणसाची भाजी खायला लोक डोंबिवलीहून येत. आता त्या अंदाजाने रांधतात. कधी मीठ राहतं, कधी दोनदा पडतं. बाहेर मिसळीच्या रश्शावरून आमचा जीव खाणारे नाना घरात मात्र पान चाटूनपुसून साफ करतात. "मीठ झालंय का हो?" "झालंय." "किती?" "भरपूर." एवढंच.

दर गुरुवारी नाना पहाटे कल्याणच्या फूलबाजारात जातात. तिथे प्रत्येक टोपलीत नाक घालून सगळ्यात घमघमीत फूल निवडतात, कधी सोनचाफा, कधी बकुळीचा गजरा, आणि घरी येऊन काकूंच्या नाकाशी धरतात. काकू वास घेतात. मान हलवतात. "लाल," नाना म्हणतात. मग काकू ते फूल केसांत माळतात. "मला नाही तर नाही, निदान जिन्याला तरी वास येऊ दे."

एका रविवारी मला सकाळपासून आळस भरला होता. मिसळ समोर, नाना समोर, आणि प्रश्न संपेनात. शेवटी वैतागून मी म्हटलं, "नाना, पहिल्या घासाला वाटतं, हॅ, ही तर साधीच आहे. आणि आपण गाफील राहिलो की मागून कोणीतरी टपली मारून पळून जातं, तसं तिखट येतं." नानांचे डोळे चमकले. "परत बोल," म्हणाले. मला परत बोलायला लावलं, आणि ओठ हलवून त्यांनी ते पाठ केलं.

त्याच दिवशी संध्याकाळी मी त्यांची शिडी परत द्यायला गेलो. आतलं दार उघडं होतं, बाहेरचं जाळीचं नुसतं लोटलेलं. बेलवर बोट ठेवणार तोच आतून माझंच वाक्य ऐकू आलं.

"पहिल्या घासाला वाटतं, हॅ, ही तर साधीच आहे..."

काकू पिठलं-भात खात होत्या. डोळे मिटलेले. नाना समोर पाटावर बसून सांगत होते, आणि काकू एकेक घास सावकाश चावत होत्या. टपलीपाशी आल्यावर त्या खुदकन हसल्या. "मटकी?" त्यांनी विचारलं.

"शिजलेली, पण मोडलेली नाही."

"आणि लिंबू?"

"लिंबाचं... लिंबाचं विचारायचं राहिलं."

"काय हो तुम्ही! लिंबाशिवाय कसली मिसळ?" मग काकूंनी डोळे उघडले. "मी विसरायला लागलेय हो. परवा आमसुलाची चव आठवत बसलेले. आठवेचना."

"म्हणून तर रोज सांगतो ना. गाडी येईपर्यंत रूळ साफ ठेवायला नकोत? ऐन वेळी सिग्नल पडायचा आणि रुळावर गवत!"

मी शिडी भिंतीला टेकवून मागच्या पावली घरी आलो. आम्ही सगळे इतके दिवस ज्याला नानांचा चक्रमपणा म्हणत होतो, तो त्यांच्या बायकोचा डबा होता. आम्ही खायचं, त्यांनी भरून घरी न्यायचा. पुढच्या रविवारी मी आपण होऊन दोन फोडी लिंबू पिळलं आणि लिंबावर इतका बोललो की नाना म्हणाले, "पुरे रे, जेवायला बसायचंय तिला."

आणि मग ते दुधाचं झालं.

माझी बायको मेधा सकाळीच डोंबिवलीला माहेरी गेली होती. जाताना बजावून गेली, "दूध ठेवलंय. फक्त बघा." मी बघत होतो, पण क्रिकेट. दूध आधी उतू गेलं, मग आटलं, मग तळाला लागून काळं ठिक्कर पडलं. मी पातेलं कसंबसं उतरवतोय तोच दार धडाधड वाजलं. बाहेर नाना. बनियनवर, धापा टाकत.

"तुझ्याकडे दूध लागलंय?"

"सॉरी नाना, खिडक्या उघडतो..."

"ते सोड. दूधच ना? भाजी नाही?"

"दूध."

"आणि लागलंयच ना? नुसतं उतू गेलेलं नाही ना? नीट सांग!"

"नाना, तळ जळून गेलाय!"

"अरे, आमच्याकडे गॅस बंद आहे," नाना म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. "ती झोपाळ्यावर बसलेली. म्हणाली, अहो, कुणाचं तरी दूध लागलंय."

त्यांनी फडक्यात धरून ते पातेलं उचललं आणि देवळातली आरती फिरवावी तसं दोन्ही हातांनी समोरच्या दारात नेलं. काकू उंबऱ्यात उभ्या होत्या, नाक वर करून. त्या पातेल्यावर वाकल्या, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाल्या, "शी! काय घाण वास!" आणि रडायला लागल्या. रडता रडता हसल्या, मग मला झापलं, "एवढं सगळं दूध घालवलंस मेल्या!" आणि पुन्हा वाकून वास घेतला.

"पिवळा!" नाना जिन्यात जाऊन ओरडले. "ऐका रे, पिवळा झाला!" सेक्रेटरींना वाटलं पुनर्विकासाची परवानगी आली. ते मोजे घालता घालता खाली धावले.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही तिघं मिसळीला गेलो. आजवर "भुसा खायला कशाला येऊ?" म्हणून काकू येत नसत. मी आनंदाने तीन प्लेट सांगायला लागलो, तर नानांनी हात धरला. "एकच. नवस चवीचा आहे, वासाचा नाही. पिवळा म्हणजे हळूहळू ये."

मिसळ आली. काकूंनी वास घेतला. "धुरासारखं काहीतरी," त्या म्हणाल्या आणि हिरमुसल्या. एवढ्या वर्षांत त्यांना वास आला तो एकच, जळक्या दुधाचा, आणि आता समोर वाफाळती मिसळ आणि धूर. मला राहवलं नाही. "नाना, तुम्हाला कधीच वाटत नाही का हो, की तिकडे केबिनमध्ये कोणी नाहीच?"

"वाटतं ना," नाना सरळ म्हणाले. "पुष्कळदा वाटतं. पण सुहास, आम्ही लाल दिव्याला कधी घाबरलो नाही. घाबरायचो विझलेल्याला. लाल दिसतोय तोवर तारेत करंट आहे."

काकू ऐकत नव्हत्या. त्यांनी सवयीने लिंबाची फोड घेऊन माझ्या मिसळीवर पिळली, ओला अंगठा चोखला आणि तशाच थांबल्या. अंगठा तोंडाजवळ.

मी नानांकडे बघितलं. अख्ख्या नौपाड्याला चव विचारणारा हा माणूस मान खाली घालून टेबलावरचं पाणी बोटाने पुसत होता.

"विचारा की हो," काकू म्हणाल्या.

नानांनी काहीतरी विचारलं. आवाज इतका बारीक, की शेजारी बसून मला ऐकू आलं नाही. काकूंनी ती लिंबाची फोड पुन्हा उचलली, सरळ जिभेवर ठेवली आणि डोळे गच्च मिटून, लहान पोरीसारखं तोंड वाकडं केलं.