डब्याचे शेवटचे शब्द

लिफ्ट चालवणारा कंट्रोलचा डबा आज पुन्हा बंद पडला, लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली, आणि कुणीतरी आपल्या मुळावर उठलंय याची अभियंत्याला खात्रीच पटली.

डब्यात नखाएवढी एक चिप होती. वीज गेली तरी तिच्यातलं लिहिलेलं पुसलं जात नसे. डबा कोलमडताना, आपण कशामुळे कोलमडलो ते घाईघाईने तिच्यात लिहून ठेवी. जागा जेमतेम चार नोंदींची. पण डबा परत चालू करून बघावं, तर चिप कोरी करकरीत! दोष प्रोग्रामचा की वायरिंगचा, हे शुक्रवारपर्यंत ठरायचं होतं. प्रोग्राम अभियंत्याचा होता, आणि त्यावर त्याची बढती अडली होती.

वायरिंग इलेक्ट्रिशियन ताईंचं. म्हणजे संशय ताईंवर.

"ताई, डब्याला हात लावलात?"

"चहाच्या कपाला लावला. ठसे घेताय का दादा?"

ताई हसल्या. निर्दोष माणूस हसेल कशाला, असं त्याने मनात टिपून ठेवलं.

डोक्यावरच्या मोजक्या केसांपैकी एक उपटून त्याने गुपचूप डब्याच्या झाकणावर चिकटवला. दुसऱ्या दिवशी केस जागच्या जागी, चिप मात्र कोरी. चोर आतलाच! मग चिप पुसणाऱ्याचं नाव टिपणारा एक पहारेकरी प्रोग्राम त्याने आत बसवला.

गुरुवारी दुपारी डबा कोलमडला. चालू करताच पडद्यावर चोराचं नाव आलं: सफाई प्रोग्राम. खाली तो लिहिणाऱ्याचं नाव. त्याचं स्वतःचं.

मग आठवलं. जागा कमी म्हणून पाच महिन्यांपूर्वी त्यानेच सोय केली होती. डबा चालू झाला की नोंदी ऑफिसच्या मोठ्या डिस्कवर हलवायच्या आणि चिप पुसायची.

डिस्कवर सदतीस नोंदी तारखेनिशी सुखरूप होत्या. सदतीसही नोंदींत दोष एकच, त्याच्या प्रोग्रामचा. इकडेतिकडे बघत त्याने डिलीटच्या बटणावर बोट ठेवलं.

"सापडला चोर?" मागून साहेबांचा आवाज आला.

तो दचकला आणि बटण दाबलं गेलं.

"नाही साहेब. नोंदीच नाहीत. वायरिंगच असणार."

"असं? मला तर प्रत्येक नोंदीची प्रत लगेच मेलवर येते. तूच सोय करून दिलीस ना? आजवर सदतीस झाल्या. म्हटलं, स्वतःहून कधी सांगतोस बघू."

साहेबांच्या मागोमाग आलेल्या ताईंनी डब्याच्या झाकणावरून काहीतरी चिमटीत उचललं आणि त्याच्यापुढे धरलं.

"दादा, हा तुमचाच ना? जपून ठेवा. उगाच एक कमी व्हायचा."