काटेबंद औषध

मथुराबाईंची फोपनारची बस चुकली, तेव्हा अनंत मास्तर बऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात आपल्या दारासमोर मोटारसायकल पुसत उभे होते. मास्तरांची पुतणी वंदना हिला बघायला बाई निघाल्या होत्या. त्यांचा मुलगा गिरधर आधीच्या बसने पुढे गेला होता. बाईंची पूजा लांबली आणि नंतरचीही बस निघून गेली.

गिरधर बांधकाम खात्यात ओव्हरसियर होता. नवा मध्य प्रदेश होऊन चारच महिने झाले होते. खात्याचे कागद नागपूरहून भोपाळला निघाले होते ते बहुधा वाटेतच कुठेतरी बसले होते. बदली केव्हा आणि कुठे होईल याचा पत्ता नव्हता, म्हणून मुलाचं लग्न लौकर उरकायचं होतं. पण मथुराबाई मुलगी बघायच्या, पोहे खायच्या आणि "कळवतो" म्हणून उठायच्या. हे "कळवतो" म्हणजे काय, ते बऱ्हाणपुरात मुलीच्या प्रत्येक बापाला समजत होतं.

"आता दुपारशिवाय बस नाही," बाई दारात येऊन म्हणाल्या. "राहू द्या आजचं."

आजचं राहिलं की कायमचं राहिलं, हे मास्तरांना कळत होतं.

"राहू कशाला द्यायचं? माझी गाडी आहे ना! बसा मागं."

"अन् रस्त्यात पंक्चर झाली तर?"

हाच प्रश्न मास्तरांना हवा होता. फोपनारच्या वाटेवर बाभळीचे काटे इतके, की मास्तर गाडीवर जितके बसले होते त्याहून जास्त तिच्या बाजूने चालले होते. शेवटी गेल्या बाजारात एका विक्रेत्याकडून त्यांनी काटेबंद औषध आणलं होतं. ट्यूबमध्ये ओतायचं, मग काटा घुसला तरी भोक आतल्या आत बुजतं, शिवाय चाकाचा तोलही राहतो, असं तो म्हणाला होता. बाटलीवर 'एका चाकाला अर्धी बाटली' असं लिहिलेलं. पण अर्ध्या बाटलीने अर्धाच गुण येणार, असा विचार करून मास्तरांनी काल संध्याकाळी एकेका चाकात दोन-दोन बाटल्या रिचवल्या होत्या.

"पंक्चरचं नावच काढू नका," ते म्हणाले. "औषध पाजलंय तिला."

बाई नऊवारी सावरून एका अंगाला बसल्या. एका हाताने त्यांनी मास्तरांच्या कोटाची मागची बाजू धरली.

गावाची वस्ती संपेपर्यंत गाडी गुणी मुलीसारखी चालली. मग मास्तरांनी वेग दिला, आणि रात्रभर चाकाच्या तळाशी साचलेलं औषध चाकाबरोबर गरगरू लागलं. पुढचं चाक एकदा उडालं, एकदा आपटलं. मागच्याने त्याची नक्कल केली. थोड्याच वेळात गाडी लगाम सुटलेल्या घोड्यासारखी उधळायला लागली.

"मास्तर, गाडी अशी काहून करू राहिली?"

"रस्ता खराब आहे!"

"रस्ता तर नवा केलाय! माझ्याच पोरानं!"

मास्तरांनी वेग कमी केला, तर हिसके मोठे बसू लागले. वाढवला, तर दात वाजू लागले. बाईंनी कोट आणखी घट्ट धरला. त्याची शिवण हळूहळू उसवत चालल्याचं मास्तरांना जाणवत होतं.

फोपनारला मास्तरांचे थोरले भाऊ शालिग्राम केळीच्या बागेतून थेट अंगणात येऊन उभे होते. मथुराबाई उतरल्या, खांबाला धरून उभ्या राहिल्या आणि पाणी प्यायल्या. "या, या, प्रवास कसा झाला?" असं शालिग्रामांनी विचारलं, तर त्यांनी नुसतं मास्तरांकडे बघितलं.

घरात वंदना पोहे घेऊन आली. बाईंनी तिला काहीच विचारलं नाही. त्या अजून हलत असल्यासारख्या चटईची कड धरून बसल्या होत्या. गिरधर खाली मान घालून पोह्यातले शेंगदाणे मोजत असल्यासारखा बसला. पुतणीचं लग्न आपण मोडलं, हे मास्तरांना तिथे बसून बघवेना. निदान परतीची वाट तरी सुखाची व्हावी, थोडं औषध काढून टाकावं, म्हणून ते पान्हा घेऊन अंगणात गेले.

पाठोपाठ गिरधरही आला. आईच्या गप्प बसण्यापुढे त्याला अंगण बरं वाटलं असावं.

"काय झालं काका?"

"औषध जरा जास्त झालं. काढू राहिलो."

मास्तर पुढच्या चाकाशी बसले आणि व्हॉल्व्हची सुई फिरवू लागले.

"काका, आधी हवा कमी करा! अन् व्हॉल्व्ह वरच्या बाजूला घ्या, खाली औषध..." गिरधर दाखवायला वाकला, आणि त्याच क्षणी सुई सुटली.

गुलाबी रंगाची जाड पिचकारी गिरधरच्या कपाळापासून पांढऱ्या सदऱ्याच्या तिसऱ्या गुंडीपर्यंत बसली. मास्तर बाजूला होते, ते कोरडेच राहिले.

"डोळे नका उघडू!" आतून वंदना ओरडली, आणि तेलाची वाटी घेऊन धावत आली. मुलाशी बोलायचं नाही, मान वर करायची नाही, हे सगळं ती चटईवर विसरून आली होती. "तोंड इकडे करा. हां, असं. अहो, मिशी हलवू नका, चिकटलीय ती!"

गिरधरला काही बोलायचं होतं, पण वरचा ओठ मिशीसकट नाकाला चिकटला होता. "उंऽ उंऽ" असा आवाज आला. वंदनाने हसू दाबलं. ते दबेना. मग गिरधरही हसायला लागला, आणि हसताना ओठ पट्‌कन सुटला, तसे दोघं आणखीच हसले.

मथुराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मुलाला बघितलं, मुलीला बघितलं, रिकाम्या टायरला बघितलं.

"बस किती वाजता आहे?" त्यांनी शालिग्रामांना विचारलं. निघताना म्हणाल्या, "कळवतो."

शालिग्राम ओट्यावर मटकन बसले.

गाडी तिथेच राहिली. व्हॉल्व्ह बुजला होता आणि हवा भरता येत नव्हती. "रविवारी येऊन ट्यूब धुऊन देतो," असं गिरधर बस सुटता सुटता ओरडून म्हणाला. तो आला आणि त्याने ट्यूब धुतली. पण पुढच्या शनिवारी मास्तर गाडी न्यायला गेले, तर चाक पुन्हा बसलेलं! रविवारी गिरधर पुन्हा आला. त्याने टायर काढला, तपासला, हवा भरली. शनिवारी चाक पुन्हा बसलं. मास्तर पायी शाळेत जाऊ लागले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या औषधाचे दुर्गुण सांगू लागले.

एका संध्याकाळी मथुराबाई मास्तरांच्या दारात उभ्या राहिल्या.

"तुमची ती गाडी दुरुस्त होणार की नाय? पोरगा दर रविवारी हात काळे करून येतो. बरं, येतो तो हसत येतो! आठवडाभर हसत राहतो. कचेरीतले लोक मला विचारू राहिले."

"मी दुसरी ट्यूब आणतो, बाई," मास्तर घाबरून म्हणाले.

"ट्यूब राहू द्या. तारीख काढा."

मास्तरांना आनंद आवरेना. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. अर्धी शाळा आटोपून ते बसने फोपनारला गेले. दुपारचं अंगण सामसूम होतं. गाडीजवळून मात्र सापासारखा बारीक फुस्स आवाज येत होता. मास्तर दबकत पुढे गेले.

वंदना पुढच्या चाकाशी उकिडवी बसली होती. एका हातात व्हॉल्व्हची टोपी होती आणि दुसऱ्या हाताने ती सुई सैल करत होती. काकांची सावली अंगावर पडली तशी ती दचकली.

"काका! मी... हवा बघू राहिले."

"बघ बघ," मास्तर पिशवी सावरत म्हणाले. "पुढचं झालं की मागच्याचीही बघ. लग्नाची तारीख वैशाखात निघतेय तुझी. तोवर पुरायला नको?"

आणि ते शालिग्रामांना हाक मारत घरात गेले.